रुमालात बांधलेला हक्क

१९०७ साली भोर संस्थानातल्या कारी गावचे दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुख यांनी घरातले एक जुने हस्तलिखित लोकमान्य टिळकांच्या हाती दिले. शके १५४० ते १६१९, म्हणजे १६१८ ते १६९७ या काळातल्या घडामोडी त्यात तिथीवार टिपून ठेवल्या होत्या. कुठे एका ओळीची नोंद, कुठे दोन. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ साली, वैशाख शुद्ध द्वितीयेला झाला असे बहुतेक जण धरून चालले होते. या टिपणात तिथी निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया: १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांनी ही जेधे शकावली १९१६ साली छापली आणि जन्मतिथीच्या वादाला तोंड फुटले.

पुढे दोन दूरच्या ठिकाणांहून तिला आधार मिळाला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सापडलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हीच तिथी होती आणि जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातली कुंडलीही याच तिथीची निघाली. २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख अधिकृत केली.

जेधे घराण्याने ते कागद शिवजयंतीची तारीख ठरावी म्हणून जपले नव्हते. कान्होजी जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख. अफझलखान चालून आला तेव्हा ते महाराजांच्या बाजूने उभे राहिले. देशमुखी वतनाचे, भाऊबंदकीचे आणि शेजाऱ्यांशी चाललेल्या तंट्यांचे कागद अशा घरात पिढ्यान्‌पिढ्या जमत गेले, कारण तंटा केव्हा उकरून निघेल याचा भरवसा नसे आणि निघाला की पहिला प्रश्न एकच असे: कागद आहे का?

महाराष्ट्रातल्या घराण्यांची दप्तरे टिकली ती या प्रश्नामुळे. इतिहासाची आवड, पूर्वजांचा अभिमान या गोष्टी नंतरच्या. सनद, महजर, करीना, वाटणीपत्र, कर्जरोखा हे हक्काचे कागद. जमीन हातात राहायची तर ते हातात हवेत. महजर म्हणजे गोतसभेपुढे झालेल्या निवाड्याचा लेख, त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या असत आणि पाटलाची निशाणी नांगराची असे. करीना म्हणजे घराण्याने आपल्या हक्काची सांगितलेली हकिकत, आजोबा-पणजोबापासून. ती सांगता सांगता लढाया येतात, दुष्काळ येतात, खून-मारामाऱ्या येतात. घराण्याला सिद्ध करायचे होते वतन, पण त्या ओघात एका खोऱ्याची कहाणी लिहून झाली.

दप्तर हा शब्द आज शाळेतल्या पोराच्या पाठीवर आहे. पूर्वी तो फडताळात किंवा माळ्यावर असायचा. त्याचा घटक म्हणजे रुमाल. चौकोनी जाड कापड पसरायचे, त्यावर कागदांची पुडकी रचायची, चारी टोके उचलून गाठ मारायची. कसर लागू नये म्हणून कुणी आत वेखंड ठेवी, कुणी कडुनिंबाचा पाला. रुमाल सोडला की पहिल्यांदा येतो वास: धूळ, जुने कापड, हातकागद. मग लांबलचक पत्रे. एका तुकड्याला बंद म्हणत. मजकूर वाढला की खाली दुसरा बंद डकवायचा, तिसरा डकवायचा. मध्येच कुणी बंद बदलू नये म्हणून महत्त्वाच्या कागदांत जोडावर मागच्या बाजूने शिक्का उठवलेला दिसतो.

मजकूर मोडीत. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता त्या रेघेला अक्षरे लटकवत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला आणि वाचणाऱ्याच्या माथी काम आले. तारखेचीही तीच गत. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख आणि वर्ष अरबी शब्दांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे वाचले की एक, सत्तर, शंभर, हजार अशी बेरीज करायची: ११७१. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे म्हणजे इसवी सन येतो, इथे १७७०-७१. दोन आकडे अशासाठी की हे वर्ष मृगाला, पेरणीच्या तोंडावर बदलते. पुष्कळ खासगी पत्रांवर तर वर्षच नसते. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते ठाऊकच होते.

१८१८ साली पेशवाई गेली, पण या कागदांची किंमत उतरली नाही. उलट वाढली. नव्या सरकारने इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. ज्याच्याजवळ सनद, त्याचे इनाम चालू. ज्याला पुरावा दाखवता येईना, त्याच्या इनामावर गदा. दख्खनभर घराघरांतले रुमाल सुटले. ज्यांच्या घरातले कागद आगीत, पावसात किंवा वाळवीत गेले होते त्यांना तेव्हा त्यांचे मोल कळले. या धास्तीने पुढच्या दोन पिढ्यांनी दप्तरे कडीकुलपात ठेवली, आणि पाहायला मागणाऱ्या परक्या माणसाकडे संशयाने पाहिले.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे असे परके होऊन शेकडो दारांत उभे राहिले. वाईतल्या एका जुन्या घरात सापडलेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या वर्षांतली, पानिपतापर्यंत नेणारी पत्रे आहेत. तोवर पानिपत लोकांना माहीत होते ते बखरींतून आणि ग्रँट डफच्या इंग्रजी इतिहासातून. सदाशिवरावभाऊ गर्विष्ठ, म्हणून घात झाला, हा त्या कथेचा साचा. राजवाड्यांच्या खंडात भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रामागून पत्र लिहिताना दिसतात. पैसा पाठवा, शत्रूची रसद तोडा, हा त्यांचा धोशा. गर्वापेक्षा रिकामा खजिना पुढे आला. पराभवाची चर्चा स्वभावावरून निघून पैसा, धान्य आणि नद्यांच्या उतारावर आली ती या पत्रांमुळे.

राजवाड्यांचे आयुष्य मग याच कामात गेले. गावोगाव हिंडायचे, हाताने रांधून खायचे, ज्या घरात जुने कागद असल्याचा सुगावा लागेल तिथे जायचे. कधी दार उघडे, कधी बंद. साधनांचे एकूण २२ खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते मुख्यतः कागदांना एक घर मिळावे म्हणून. घराण्यांनी आपले रुमाल विश्वासाने तिथे आणून दिले. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांचा स्वतःचा संग्रह आजही तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात आहे.

मिरजेत वासुदेवशास्त्री खरे दुसऱ्या वाटेने निघाले होते. राजवाडे हिंडले, शास्त्रीबुवा एका जागी बसले. ते मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान, पटवर्धन हे पेशव्यांचे मातब्बर सरदार, आणि या घराण्याला छावणीतून घरी सविस्तर पत्रे धाडायची सवय. शाळा सांभाळून शास्त्रीबुवा हे दप्तर वाचत आणि निवडक पत्रांच्या बालबोध नकला करत. १८९७पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करायला घेतला. १९२४ साली ते गेले तेव्हा बारा खंड झाले होते. पुढचे काम त्यांच्या मुलाने चालवले.

या संग्रहाची गोडी वेगळी. आज कूच झाले, मुक्काम अमुक ओढ्यावर, वैरण महाग, अमक्याचा घोडा पडला, नानांकडून निरोप आला पण त्यातला अर्थ असा असावा, अशी पत्रे एकामागून एक येतात आणि वाचणारा हळूहळू त्या छावणीत राहायला लागतो. खर्ड्याची १७९५ची लढाई पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात आटोपते. पत्रांत तिच्याआधीचे महिने असतात आणि पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नसते.

तिसरे दत्तात्रय बळवंत पारसनीस. नाना फडणवीसांचे खासगी दप्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात, कृष्णेच्या काठी पडून होते. नाना १८०० साली वारले, पण त्यांचे रुमाल वाड्यातच राहिले. हे मेणवली दप्तर पारसनिसांनी मिळवले, ‘इतिहाससंग्रहा’तून त्यातले पुष्कळ छापले आणि साताऱ्याला ऐतिहासिक संग्रहालय उभे केले. १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

नानांच्या कागदांतला सर्वांत हलवून सोडणारा भाग राजकारणाचा नाही. त्यांनी आपल्या तरुणपणाची हकिकत स्वतः लिहून ठेवली होती. मराठीतल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांत ती गणली जाते. पानिपतावर ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई तीर्थयात्रेसाठी सोबत होती. रणातून ते जीव घेऊन निसटले आणि आई त्या धुमश्चक्रीत हरवली ती कायमची. पुढे चाळीस वर्षे ज्या माणसाच्या मनाचा थांग कुणाला लागला नाही असे म्हणतात, त्याने ही गोष्ट कागदावर उतरवली.

खासगी कागदांचे हे वैशिष्ट्य सरकारी दप्तरातही डोकावते. पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३५ हजार मोडी रुमाल आहेत. मुख्यतः हिशेब आणि महसूल. अभ्यासकांना हे दप्तर फार काळ बंद होते. ते खुले होऊन गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली १९३०नंतरच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ भाग छापले गेले. त्यांतला एक भाग छत्रपती शाहू आणि पेशवे यांच्या खासगी आयुष्याचा आहे. औषधे, नवस, लग्ने, रुसवे. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, उठल्यापासून निजेपर्यंत कसे वागावे हे लिहून पाठवले ते याच जातीचे पत्र. पत्र लिहिले आहे पेशव्याला, पण सूर आजीचाच.

पुढच्या काळात सासवडच्या पुरंदऱ्यांचे, दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांचे, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांचे अशी दप्तरे एकेक करून छापली गेली. जी संशोधकांच्या हाती लागली नाहीत ती मात्र वाऱ्यावर राहिली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात घरे जळाली, त्यांत माळ्यावरचे रुमालही जळाले. कुठे ओल, कुठे वाळवी, कुठे वाटण्या होऊन कागदांचे चार तुकडे.

खरा घाव मात्र आग-पाण्याचा नव्हता. १९५०च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा आणि कुलकर्णी वतने गेली. जवळपास त्याच सुमारास शाळांतून मोडीही गेली. एका पिढीच्या आत कागदाचा उपयोगही संपला आणि त्यावरची अक्षरेही मुकी झाली. ज्या रुमालासाठी पणजोबांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तो नातवाला वाचताही येईना आणि त्याचे काही अडेनाही. वाडा पाडताना तो रद्दीत गेला, वाण्याकडे पुड्या बांधायला गेला, किंवा पवित्र समजून नदीत सोडला गेला. अडीचशे वर्षे स्वार्थाने जपलेली वस्तू स्वार्थ सरताच उघड्यावर आली.

२०२३ साली पुन्हा एकदा कागदाचा प्रश्न उभा राहिला. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरे उघडली, मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. लोक घरातली वंशावळीची पाने, खरेदीखते, जुन्या वह्या पिशवीत घालून मोडी वाचणाऱ्यांच्या दारी जाऊ लागले. इनाम कमिशनच्या वेळी सुटले होते तसेच रुमाल पुन्हा सुटले, आणि कारणही तेच होते: हक्क.

अशा कामात वाचणाऱ्याला कागदावरचा एकच शब्द हवा असतो. तो सापडला की कागद बाजूला, पुढचा घ्या. त्या शब्दाच्या वर-खाली मात्र बरेच काही असते: कोणत्या साली पाऊस लागला नाही, लेकीच्या लग्नाला किती कर्ज काढले, विहिरीच्या पाण्यावरून कोणत्या चुलत्याशी बोलणे बंद झाले. रुमाल आता सुटलाच आहे. गाठ पुन्हा मारण्याआधी एखाद्या घराने त्या वरच्या-खालच्या ओळीही वाचून घेतल्या, फोटो काढून एक प्रत जवळच्या संशोधन मंडळाकडे दिली, तर कारीच्या त्या टिपणासारखे आणखी काय काय माळ्यावरून खाली येईल.