एक पदवी, दोन परंपरा : कालिना आणि वर्सोवा

१/९
मुंबईच्या पश्चिम उपनगरांत जीवविज्ञानातील पीएच.डी.च्या दोन जुन्या वाटा आहेत. एक सांताक्रूझजवळच्या कालिन्यातील मुंबई विद्यापीठातून जाते, दुसरी अंधेरीच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतून. पदवीचे नाव एकच. घडण मात्र दोन निराळ्या देशांतून आलेली. त्याचा हा इतिहास.

२/९
१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अध्यापन महाविद्यालयांनी करावे, परीक्षा व पदवी विद्यापीठाने द्यावी, अशी ती व्यवस्था. पुढे संशोधनाची पदवीही याच वळणाने गेली : काम जेथे प्रयोगशाळा असेल तेथे, पदवी विद्यापीठाची.

३/९
कमल रणदिवे यांचे उदाहरण बोलके आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कर्करोगावर संशोधन केले; १९४९ मध्ये पीएच.डी. दिली मुंबई विद्यापीठाने. पुढे त्यांनीच मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

४/९
खानोलकरांसारखा मार्गदर्शक लाभला, तर या पद्धतीसारखी दुसरी नाही. परंतु सारा भार एकाच व्यक्तीवर. मार्गदर्शकाशी पटले नाही, वा विषयाची निवडच चुकली, तर विद्यार्थ्याचे काम जाणणारा दुसरा कोणी असेलच असे नाही. चूक उघड होई ती प्रबंध परीक्षकांकडे गेल्यावर.

५/९
दुसरी परंपरा अमेरिकेतील कृषी विद्यापीठांची. आधी अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. आणि प्रारंभापासून अनेक अध्यापकांची सल्लागार समिती. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ती दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रुजली. १९५८ मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

६/९
वर्सोव्याची संस्था १९६१ ची. मूळ हेतू राज्याराज्यांच्या मत्स्यखात्यांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा. १९७९ मध्ये ती भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. कृषी शिक्षणाची ती शिस्त अशा रीतीने अंधेरीच्या किनाऱ्यावर पोहोचली.

७/९
माशांवर काम करणाऱ्यास या शिस्तीचे मोल लवकर कळते. रोहू, कटला हे मासे प्रजननासाठी पावसाळ्याची वाट पाहतात. प्रयोगाची आखणी चुकून एक हंगाम वाया गेला, तर पुढच्या आषाढापर्यंत थांबावे लागते. ती चूक प्रयोगापूर्वीच कोणी दाखवून दिली, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचते.

८/९
२००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०२२ च्या नियमांत किमान १२ श्रेयांक, संशोधन सल्लागार समिती, प्रत्येक सत्रात प्रगतीचे सादरीकरण आणि किमान दोन बहिःस्थ परीक्षक आहेत. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, ही मर्यादाही आहे. कालिना वर्सोव्याच्या जवळ आले ते असे.

९/९
समिती नेमली म्हणजे प्रयोग यशस्वी होतो असे नाही, आणि कागदोपत्री भरणाऱ्या बैठकांचा कोणालाच उपयोग नसतो. म्हणून पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्याने मार्गदर्शकाच्या नावाबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : येथील समिती शेवटची केव्हा बसली, आणि तिने कोणाच्या कामात काय बदल सुचवला?