गर्भपाताचा कायदा, नसबंदी आणि मतपेटी

ऑगस्ट 1971 मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. तोवर 1860 च्या दंडसंहितेनुसार आईचा जीव वाचवण्याखेरीज केलेला गर्भपात गुन्हा होता आणि शिक्षा त्या स्त्रीलाही होऊ शकत होती. एवढा मोठा बदल करूनही काँग्रेसला त्याची झळ लागली नाही. मार्च 1972 मध्ये पक्षाने महाराष्ट्र विधानसभेच्या 270 पैकी 222 जागा जिंकल्या. तो बांगलादेश युद्धातील विजयाचा काळ होता हे खरे, पण गर्भपात हा त्या निवडणुकीचा मुद्दाच नव्हता.

याचे कारण कायद्याच्या घडणीत सापडते. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली 1964 मध्ये समिती नेमली गेली आणि 1966 अखेर तिचा अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका दगावतात, हा प्रश्न समितीने आरोग्याचा म्हणून मांडला. कायद्यानेही निर्णय डॉक्टरकडे सोपवला : 12 आठवड्यांपर्यंत एका, 20 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत. स्त्रीच्या हक्काची भाषा त्यात नव्हती, म्हणून तिच्या विरोधातली भाषाही उभी राहिली नाही.

आणीबाणीत मात्र चित्र पालटले. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. 1977 च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील 48 पैकी 20 जागाच काँग्रेसकडे राहिल्या. कोंढा गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या भंडारा मतदारसंघातूनही जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर निवडून आले. पराभवाला कारणे अनेक होती, पण सक्तीचा राग त्यांत ठळक होता. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया दहा लाखांच्या खाली आल्या आणि सरकारी कागदांवर ‘कुटुंबनियोजना’चे ‘कुटुंबकल्याण’ झाले.

म्हणजे एकाच पक्षाच्या दोन धोरणांना मतदाराने दोन न्याय लावले. गर्भपाताच्या कायद्याने मुभा दिली होती, नसबंदीने जबरदस्ती केली. अमेरिकेतही 2022 मध्ये न्यायालयाने जुना हक्क काढून घेतला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या कॅन्सस राज्यात सुमारे 59 टक्के मतदारांनी गर्भपाताच्या संरक्षणाच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडे 2021 मध्ये भाजप सरकारने ठराविक गटांतील स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांवर नेली. दोन्ही सभागृहांत ती दुरुस्ती आवाजी मतदानाने संमत झाली आणि या वेळीही वादळ उठले नाही. या शांततेची दुसरी बाजू अशी, की ज्या प्रश्नावर मते जात नाहीत, त्यावर मते मागायलाही कोणी येत नाही. कायदा झाला, पण कोंढ्यासारख्या गावातील बाईला मान्यताप्राप्त केंद्र, तयार डॉक्टर आणि गुप्तता किती जवळ मिळते, याचा जाब पक्षांना अजून मतपेटीतून द्यावा लागलेला नाही. पन्नास वर्षे पक्षांची किंमत वाचली. ती भरली बायकांनी.