गवा घरी आणायचा कसा?

गवा मारला कसा, याची वर्णनं हवी तेवढी सापडतात. इंग्रज शिकाऱ्यांनी त्यावर पानंच्या पानं भरली आहेत. वारा कुठून होता, बंदूक कोणती होती, गोळी कुठं बसली, सगळं तपशीलवार. पण मेलेल्या गव्याचं पुढं काय केलं, असं विचारावं तर साहेब शिंगं भिंतीवर टांगतो आणि प्रकरण संपवतो. मी मीरा रोडचा रहिवासी. रविवारी सकाळी किलोभर मटण पिशवीतून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं, एवढाच माझा शिकारीचा अनुभव. त्यातही जिन्यात शेजारचे शाकाहारी काका भेटले की पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात जाते आणि चेहऱ्यावर कोथिंबीर आणल्याचा भाव येतो. तेव्हा मला खरा इतिहास तिथून पुढंच सुरू होतो असं वाटतं. पूर्ण वाढलेला नर गवा 700 ते 1000 किलोंचा. जुन्या हिशेबात वीस-पंचवीस मण. हा ऐवज कोथिंबीर म्हणून खपत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. साहेबानं याला ‘बायसन’ म्हटलं. तो बायसन नव्हे. खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपण त्याला ‘गवारेडा’ म्हणतो. तो रेडाही नव्हे. तो गाईच्या कुळातला, काळाकभिन्न, खांद्यावर उंचवटा आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातलेला. आपल्या न्यायशास्त्रातल्या मंडळींनी मात्र हा प्रश्न फार पूर्वीच हाती घेतला होता. एका शहरी माणसाला रानातला माणूस सांगतो की, गवय हा गाईसारखा असतो. पुढं हा शहरी गृहस्थ रानात जातो, तसा प्राणी बघतो आणि ओळखतो, हाच तो गवय! उपमान प्रमाणाचं हे ठरलेलं उदाहरण. गवय म्हणजे नेमका गवाच की आणखी कुणी, यावर पंडितांचे वाद आहेत ते असोत. मला चिंता वाटते त्या शहरी गृहस्थाची. प्रमाण सिद्ध होईपर्यंत गवय तिथं शांत उभा राहिला, ही शास्त्राची मोठीच सोय म्हणायची.

प्रत्यक्षात काय होई ते भीमबेटकाला बघावं. ही जागा भोपाळजवळ आहे आणि ती जगापुढं आणली एका मराठी माणसानं. विष्णु श्रीधर वाकणकर 1957 साली आगगाडीतून चालले होते. खिडकीतून डोंगरावरचे खडक दिसले आणि त्यांच्या मनानं घेतलं की इथं काहीतरी आहे. आम्हीही चाळीस मिनिटं गाडीतून जातो; पण आम्हाला खिडकी मिळत नाही आणि मिळाली तर झोप लागते. वाकणकर त्या डोंगरावर गेले. शेकडो शैलगृहं आणि त्यांत रंगवलेली रानं निघाली, गवे, हरणं, वाघ, शिकारी. 2003 मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून मान्य केलं. त्यातलं एक चित्र मला फार आवडतं. एक अवाढव्य शिंगाळं जनावर माणसाच्या मागं लागलंय आणि माणूस पळतोय. जनावर डुकरासारखं आहे म्हणतात. शिकारीच्या इतिहासातलं इतकं प्रामाणिक पान दुसरं नसेल. साहेबाच्या पुस्तकात साहेब कधीच पळत नाही.

बरं, पळापळ निभावून जनावर पडलं, तरी पंचवीस मण उचलायचे कुणी? उत्तर एकट्यानं देण्यासारखं नाहीच. आपल्या कोकणात डुकराची पारध झाली की वाटे पडतात. ज्याची गोळी त्याचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा. वाटणीवरून भांडणं होतात, पण मटण मुरत पडत नाही. अमेरिकेच्या मैदानांवरच्या लोकांनी याची कमाल केली. कॅनडात अल्बर्टा प्रांतात एक कडा आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘डोकं फुटलं ती जागा’. पाच हजारांहून जास्त वर्षं तिथले लोक बायसनचे कळप हाकारून त्या कड्यावरून खाली लोटत. नावाची कथा अशी सांगतात की, एका तरुणाला ही गंमत खालून बघायची हौस आली. तो कड्याच्या पायथ्याशी उभा राहिला आणि वरून बायसन पडत राहिले. बघ्यांची जात इतकी जुनी आहे.

पण कड्याखालचं खरं काम त्यानंतर सुरू होई. बायका मांसाच्या पातळ पट्ट्या काढत, काठ्यांच्या मांडवावर उन्हात वाळवत, मग कुटून त्यात चरबी मिसळत. कधी रानबोरांसारखी फळंही. वजन चौथाई-पाचव्या हिश्श्यावर येई आणि हिवाळाभर टिके. घोडे यायच्या आधी हा माल कुत्री ओढत. याचं चित्र डोळ्यांपुढं आणायला मला अमेरिकेला जावं लागत नाही. आमच्याच महापालिकेच्या हद्दीत उत्तनला जावं. किनाऱ्यावर काठ्यांच्या मांडवांवर बोंबील उन्हात लटकलेले असतात आणि कोळणी त्यांच्यावर नजर ठेवून असतात. बोंबील आणि बायसन यांच्यात वजनाचा थोडा फरक आहे, पण अक्कल तीच. मारणाऱ्याची पोवाड्यात वर्णी लागते. पावसाळ्यात घर जगतं ते सुकवणारीच्या जिवावर.

मग बंदूक आली, रेल्वे आली आणि कातड्याला भाव आला. 1870 नंतरच्या दहा-बारा वर्षांत गोऱ्या शिकाऱ्यांनी कातडी सोलली, फार तर जीभ कापून घेतली आणि बाकीचं माळावर कुजायला टाकलं. तीन ते सहा कोटी असावेत असा अंदाज असलेले बायसन 1890 च्या आत हजाराच्याही खाली आले. त्यावर जगणारी माणसंही उपासमारीला लागली, आणि काही सरकारी मंडळींना तेच हवं होतं. यात हॉर्नडे नावाचे एक गृहस्थ आहेत. तरुणपणी त्यांनी आपल्या दक्षिणेत अण्णामलईच्या डोंगरात गवे मारले. 1886 साली त्यांना कळलं की अमेरिकेत बायसन संपत आलेत. तेव्हा ते तातडीनं माँटानाला गेले आणि उरल्यासुरल्यांतले वीसेक मारून आणले, संग्रहालयात ठेवायला! नंतर त्यांना उपरती झाली आणि बायसन वाचवणाऱ्यांचे ते पुढारी झाले.

आपला गवा त्या मानानं नशीबवान. गाईचा भाऊबंद म्हणून पुष्कळांनी त्याच्यावर हात उचलला नाही. दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं होतं, म्हणून कुऱ्हाडीपासून वाचलं. राजाच्या शिकारीसाठी राखलेलं रान राजा गेल्यावर गव्यांना उपयोगी पडलं, हा इतिहासाचा विनोद मला फार मानवतो. 1958 साली, महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन वर्षं आधी, तिथं गव्यांचं अभयारण्य झालं. 1985 मध्ये वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं. 1972 च्या कायद्यानं गवा पहिल्या अनुसूचीत गेला आणि त्याला घरी आणायचा प्रश्नच मिटला.

गवा मात्र आपणहून घरी आला. 9 डिसेंबर 2020 ला सकाळी पुण्यात कोथरूडला एक गवा सोसायट्यांच्या गल्ल्यांतून हिंडताना दिसला. लोक धावले. हाकारे झाले, दोरखंड आले, हजार मोबाइल उगारले गेले. तो भिंतींवर, फाटकांवर धडकत रक्तबंबाळ झाला. काही तासांनी बेशुद्ध करून त्याला धरलं, आणि तो मेला. कुणाला मांस नको होतं, कातडं नको होतं, शिंगंही नको होती. वाटे पडले ते फक्त फोटोंचे.

तेरा दिवसांनी, 22 डिसेंबरला, बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी वनखात्यानं आणि पोलिसांनी गर्दी लांब थोपवली आणि रानाकडची वाट मोकळी ठेवली. गवा बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि मग आल्या वाटेनं निघून गेला.