माणूस राहिला, खळं गेलं

गणपतीत चाकरमानी गावाक येतो, भिंतीवरचा जुना ग्रुप फोटो उतरवतो आणि फोटोवाल्याला सांगतो, "एकट्या आज्याक ठेय, मागचा सगळा काढून टाक." आपल्या मसुऱ्यात काय नि अख्ख्या मालवण पट्ट्यात काय, हार घातलेला, निळ्या बॅकग्राउंडवरचा आजोबांचा फोटो बऱ्याच घरांत असाच तयार झालाय.

आज हे एका बटणाचं काम आहे. पण ही कापाकापी फार जुनी. विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींवर एक सचित्र ग्रंथ काढला. त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले; दुसरा महाराष्ट्रावर. त्यातल्या अनेक चित्रांत माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा. दोन्ही जोडून एकच फोटो केलेला. बघणाऱ्याला वाटतं, माणूस तिथंच उभा होता. आणि चित्राची ओळख जातीच्या नावाने! माणूस त्याच्या जागेवरून उचलला की तो 'अमुक एक' राहत नाही, 'नमुना' होतो.

पुढे छपाईच्या काळात निगेटिव्हवर ब्रशने अपारदर्शक रंग लावून मागचा भाग झाकत. तिथून प्रकाश जात नसे, म्हणून कागद पांढरा राही. केसांच्या कडेला हात स्थिर लागायचा. १९९० मध्ये फोटोशॉप आलं, १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले. तेव्हापासून माणूस एका थरावर, मागचं दुसऱ्यावर ठेवता येतं.

आता प्रश्न असा, की काढून टाकलं ते काय होतं?

त्या ग्रुप फोटोत शेणाने सारवलेलं खळं होतं. मागची भिंत चिऱ्याची होती की मातीची, छपरावर नळे होते की गवत, हे दिसत होतं. लग्नाचा माटव असेल तर त्याची बांधणी होती. आपल्या घरांचा इतिहास सरकारी दप्तरात मिळाला तर थोडाच मिळतो. तो या मागच्या भागात असतो. आणि कडेला, अर्धवट सावलीत, आजी उभी होती. तीही 'मागच्या सगळ्यात' गेली. अनेकदा तिचा तो एकुलता एक फोटो असतो.

मी कापू नका म्हणत नाही. भिंतीवर आजोबा स्वच्छ दिसावेत, हे बरोबरच आहे. पण खोडरबर वापरू नका, मास्क वापरा. मास्क झाकतो, पुसत नाही. हवं तेव्हा मागचं परत दिसतं. फाइलही मास्कसकट ठेवा, कारण जेपीजी केली की झाकलेलं कायमचं जातं. मूळ फोटो आधी अख्खा स्कॅन करा, पाठच्या बाजूसकट, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून प्रत्येकाचं नाव लिहून ठेवा. कडेच्या बाईचं आधी.