हिरा अभिज्ञातक

कृत्रिम हिऱ्याच्या पातळ चकतीला दोन्ही बाजूंनी धातूची विद्युत अग्रे बसवून केलेले प्रारणमापक उपकरण. आरपार जाणारा कण हिऱ्यात इलेक्ट्रॉन-विवर जोड्या निर्माण करतो; विद्युत दाबामुळे त्या अग्रांकडे ओढल्या जातात आणि विद्युत स्पंद मिळतो. हिऱ्याचे ऊर्जा-अंतर 5.47 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सिलिकॉनच्या जवळजवळ पाचपट असल्याने गळतीप्रवाह नगण्य राहतो. मात्र एका जोडीमागे सुमारे 13 इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्ची पडतात (सिलिकॉनमध्ये 3.6), त्यामुळे स्पंद क्षीण असतो.

त्यातलाही काही भाग स्फटिकातील दोष गिळतात : नायट्रोजनचे अणू आणि रिक्त जागा प्रभार अडकवून ठेवतात. प्रभार नेमका कुठे अडकतो हे शोधण्यात अतिजलद लेसरचे खरे मोल आहे. 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा 3.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट. शुद्ध हिऱ्यातून असा एकटा फोटॉन बिनबोभाट पार होतो. पण फेम्टोसेकंद स्पंद एका बिंदूवर एकवटला की दोन फोटॉन एकदम शोषले जातात आणि पृष्ठभागाच्या आत, त्याच ठिकाणी प्रभार मुक्त होतो. बिंदू सरकवत नेला की स्फटिकाचा त्रिमितीय नकाशा हाती येतो. याहून तीव्र स्पंदांनी हिऱ्याच्या पोटात ग्रॅफाइटसदृश वाहक स्तंभही कोरतात.

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील आरडी 42 गटाने 1994 पासून या क्षेत्रात काम केले. महाराष्ट्रात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आल्फा कण व न्यूट्रॉन यांसाठी एकस्फटिकी हिऱ्याचे अभिज्ञातक अभ्यासले गेले. कार्बनचा अणुक्रमांक 6 शरीरातील ऊतींच्या परिणामी अणुक्रमांकाजवळ असल्याने कर्करोगाच्या प्रारणोपचारात मात्रा मोजण्यासही ते वापरतात.