डोंगराचा वणवा आणि सपाटीवरचा धूर : मावळच्या राबापासून पिंपरी-चिंचवडच्या हवेपर्यंत

१

फाल्गुन सरत आला की पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेकडील डोंगरांवर रात्री अग्नीच्या वाकड्या रेषा दिसू लागतात. घोरावडेश्वर, भंडारा, भामचंद्र येथपासून थेट पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ यांच्या कड्यांपर्यंत वाळलेले गवत कोठे ना कोठे पेटलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी निगडी, आकुर्डी, तळवडे, चाकण या भागांत हवा धूसर असते, घशाला खवखव जाणवते आणि गच्चीवर जळलेल्या गवताच्या काळ्या काड्या पडलेल्या सापडतात. कारखान्यांच्या या पट्ट्यात धुराचा उगम स्वाभाविकपणेच प्रथम धुराड्यात शोधला जातो. वाहने, बांधकामाची धूळ, भट्ट्या व कचरा यांचा वाटा येथील हवेत मोठा आहे, याविषयी वाद नाही. तथापि वर्षाच्या काही आठवड्यांत या हवेत दुरून आलेला एक पाहुणाही असतो, आणि त्याचा इतिहास कारखान्यांच्या इतिहासाहून फार जुना आहे. तो इतिहास कोणत्या साधनांतून लिहिता येईल व तो लिहिल्याने आजच्या प्रश्नावर काय प्रकाश पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम धुराच्या मार्गाचा विचार करू. इंद्रायणी व पवना या दोन्ही नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेस वाहतात. एक देहू-आळंदीवरून, दुसरी चिंचवडवरून. भामा व भीमा यांची खोरी चाकणच्या उत्तरेस व वायव्येस आहेत. उन्हाळ्यात दुपारनंतर कोकणाकडून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा याच खोऱ्यांतून खाली उतरतो. रात्री डोंगरउतारावरची थंड हवाही जड होऊन याच वाटेने सपाटीकडे सरकते. म्हणजे ज्या वाटेने पाणी येते, बहुतांशी त्याच वाटेने धूर येतो. लोणावळ्यापासून चिंचवडपर्यंतचे चाळीस-पन्नास किलोमीटरांचे अंतर सूक्ष्म कणांना काही तासांचे असते. हिवाळ्यात हे चित्र पालटते. त्या वेळी वारा मंद व मुख्यतः पूर्वेकडचा असतो. शिरूर, जुन्नर, खेड या भागांत ऊस तुटल्यावर शेतात राहिलेले पाचट पेटविले जाते. आणि जमिनीलगत थंड हवेचा थर व त्यावर उष्ण हवेचे झाकण अशी स्थिती झाली की धूर वर न जाता पहाटेपर्यंत खालीच कोंडून राहतो.

दूरच्या अग्नीचा धूर परक्यांच्या आकाशात दिसल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. १९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात भरदुपारी दिवे लावावे लागले. कॅनडातील वनांच्या आगीमुळे तो अंधार झाला, असा निष्कर्ष झाडांच्या खोडांतील जळक्या वलयांवरून अलीकडच्या संशोधकांनी काढला आहे. सप्टेंबर १९५० मध्ये पश्चिम कॅनडातील चिंचागा येथील वणव्याचा धूर अटलांटिक महासागर ओलांडून गेला, आणि ब्रिटनमधील लोकांनी निळा सूर्य पाहिला. १९९७ मध्ये इंडोनेशियातील जळत्या दलदलींचा धूर सिंगापूर व मलेशिया यांवर पसरला. त्यातून २००२ मध्ये आग्नेय आशियाई राष्ट्रांचा धुरासंबंधीचा करार झाला. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, तेही कॅनडातील वणव्यांमुळेच. आपल्याकडे १९९९ च्या आरंभी हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षणात अरबी समुद्रावर तपकिरी धुरकट थर आढळला. त्यात तेल व कोळसा यांच्याबरोबरच लाकूड, शेण व पाचट यांच्या ज्वलनाचाही भाग होता. तेव्हा धूर हद्द पाळत नाही, ही गोष्ट सिद्ध आहे. कायदा मात्र हद्दीवरच उभा असतो, आणि पुढील विवेचनाचा रोख या विसंगतीकडे आहे.

३

मावळात आग लावण्याच्या चालीचे किमान तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला राब. भाताची रोपे जेथे करावयाची त्या तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळ, गवत व पालापाचोळा यांचे थर पसरावयाचे, वर माती टाकावयाची, आणि पाऊस येण्यापूर्वी ते भाजावयाचे, अशी ही रीत. दुसरा प्रकार दळीचा. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरी पेरावयाची. महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांचे पोट कित्येक पिढ्या यावर अवलंबून होते. तिसरा प्रकार म्हणजे खरा वणवा. जुने गवत जाळले की पावसाने नवे कोवळे गवत जोमाने येते या समजुतीने, वाट मोकळी करण्यासाठी, विडीच्या थोटकाने किंवा अलीकडे गडकिल्ल्यांवर मुक्कामास आलेल्यांच्या निष्काळजीपणाने तो लागतो. पहिल्या दोहोंत माणूस आगीला राखतो. तिसऱ्यात आग माणसाच्या हातून सुटलेली असते. दप्तरात मात्र हे तिन्ही प्रकार बहुधा एकाच सदराखाली पडतात.

जाळून त्याच्या राखेचा उपयोग करणे हे आपल्याकडे अडाणीपणाचे लक्षण मानले जात नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात गडावरील केरकचऱ्याविषयी जी शिस्त सांगितली आहे तीत तो गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा व ती राख परसात घालून भाजीपाला करावा, असा आशय आहे. आंबा-फणसादी झाडे रयतेच्या संमतीवाचून तोडू नयेत, असे बजावणारे दप्तरही हेच. म्हणजे वृक्षरक्षण आणि राखेचा उपयोग या दोन गोष्टी त्या राजनीतीला परस्परविरोधी वाटत नव्हत्या.

१८७८ चा वनकायदा आल्यावर ही दृष्टी बदलली. राखीव वनात आग लावणे, टहाळ तोडणे हे अपराध ठरले. जाळरेषा आखल्या गेल्या. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगरकुरणे सरकारी जंगलात गेल्याने शेतकऱ्याच्या जनावरांना चरावयास जागा उरली नाही, हे गाऱ्हाणे तीव्रतेने मांडले आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या टहाळावरून इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई इलाख्यापुरते वन आयोग नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. घाटाखालच्या या प्रश्नाचे स्वरूप घाटावरच्या भातशेतीतही तेच होते.

वनखात्याच्या मते राब ही केवळ लाकडाची नासाडी होती. परंतु शेतीशास्त्राने दिलेली साक्ष निराळी आहे. १८८९ मध्ये हिंदुस्थानात आलेले रसायनज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. पुढे पुण्याच्या कृषिमहाविद्यालयात हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी राबावर रासायनिक प्रयोग केले व ते १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. राबाचा गुण केवळ राखेत नसून माती तापण्यातही आहे, असे त्यांतून दिसून आले. म्हणजे ज्या रीतीला एक खाते अपराध म्हणत होते, तिच्यामागील कारण दुसरे खाते प्रयोगशाळेत शोधीत होते. दोन्ही खाती एकाच सरकारची होती, आणि दोहोंपैकी कोणीही धुराचा विचार केलेला नव्हता.

४

धुराचा विचार करणारा कायदा त्याच वर्षी, १९१२ मध्ये, मुंबईत झाला. पण त्याचे लक्ष भट्ट्यांकडे व धुराड्यांकडे होते. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी कामाची एक विलक्षण वाटणी झालेली आढळते : वनातील आगीकडे पाहणाऱ्या कायद्याला धूर दिसत नव्हता, आणि धुराकडे पाहणाऱ्या कायद्याला वन दिसत नव्हते. डोंगरावरून वाहत येणारा धूर या दोहोंच्या मधल्या फटीत पडला. १९२७ च्या वनकायद्याने ही वाटणी कायम ठेवली. त्याच्या सव्विसाव्या कलमात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने राखीव वनात आग लागल्यास तेथील चराई व वनोपज यांचे सर्व हक्क स्थगित करण्याचा अधिकार सरकारला आहे. आग एकाने लावावी व चराई साऱ्या गावाची बंद व्हावी, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. उलटपक्षी १९८१ च्या हवा-प्रदूषणाच्या कायद्यात एकोणिसाव्या कलमाने इंधनाखेरीज इतर पदार्थ जाळण्यास मनाई करण्याची तरतूद आहे. परंतु ती ठरावीक नियंत्रित क्षेत्रापुरती. आणि धूर जेथून निघतो ते क्षेत्र व जेथे पोहोचतो ते क्षेत्र ही एकच असतील, हे तिने गृहीत धरलेले आहे.

दरम्यान सपाटीवर दुसराच इतिहास घडत होता. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोटारींचे कारखाने चाकणकडे सरकले. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गावर १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने झुंजविले व शेवटी सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला सोडला, त्या गावाचे नाव आता यंत्रांच्या नावाबरोबर घेतले जाते. या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार पुष्कळदा मावळ-खेडच्याच एखाद्या घरातला असतो. धाकटा भाऊ कारखान्यात आणि थोरला भातखाचरावर, असे कुटुंब येथे दुर्मीळ नाही. एकाने भाजलेल्या राबाचा धूर दुसऱ्याच्या चाळीवर येतो. शहर आणि डोंगर यांना परस्परविरोधी पक्ष मानून या धुराचा निवाडा करू पाहणाऱ्याने हे नाते ध्यानात घेतले पाहिजे.

५

आता साधनांचा प्रश्न. धुराला दप्तर नाही. वणव्याची नोंद वनखात्याकडे जळालेल्या क्षेत्राच्या आकड्यांत व गुन्ह्यांच्या संख्येत मिळते. खोकणाऱ्या माणसाची नोंद तीत नसते. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून येथील निरीक्षणे दीर्घकाळची आहेत. परंतु आंतरराष्ट्रीय सांकेतिक पद्धतीत दृश्यता कमी करणाऱ्या धुरासाठी जो ०४ हा अंक आहे, त्यात वणव्याचा धूर, कारखान्यांचा धूर आणि ज्वालामुखीची राखसुद्धा एकत्रच मोडते. निरीक्षकाने प्रामाणिकपणे नोंद केली तरी ती वाचणाऱ्याला धूर कोणाचा हे कळत नाही.

गेल्या दोन दशकांत मात्र साधने पालटली. भारतीय वनसर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने वणव्यांची सूचना देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हवेच्या गुणवत्तेची दैनंदिन मोजणी व पूर्वानुमान यांची व्यवस्था २०१३ पासून पुणे परिसरात सुरू केली. अडीच मायक्रॉनहून लहान कणांसाठी भारताची २००९ ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस केवळ १५ आहे. तेव्हा डोंगरावरचा ठिपका आणि शहरातला आकडा एकमेकांशेजारी ठेवणे आता शक्य आहे.

येथेच सावधगिरीची आवश्यकता आहे. उपग्रहाला आग दिसते, आग लावणारा दिसत नाही. राब, दळी व वणवा यांतील भेद त्याच्या ठिपक्यावरून उमगत नाही. शिवाय राबाचा एखादा लहान तुकडा त्याच्या नजरेतून निसटतो आणि उघड्या डोंगरावरील गवताची आग ठळक उमटते. अशा आकड्यांच्या बळावर उद्या मावळच्या शेतकऱ्यास शहराच्या हवेचा गुन्हेगार ठरविले गेले, तर १८७८ नंतर घडलेल्या अन्यायाची ती नव्या यंत्रांनी केलेली पुनरावृत्ती होईल. याउलट, रीत जुनी आहे एवढ्यावरून तिचा धूर निरुपद्रवी ठरत नाही. लहान मुले, वृद्ध व दम्याचे रोगी यांच्या फुप्फुसांना परंपरा आणि धुराडे यांतील फरक कळत नाही. आणि वणव्याने डोंगरावरील रोपे, पक्ष्यांची घरटी व मातीचे आवरण यांची जी हानी होते ती मावळच्याच माथी येते.

६

एकंदर विवेचनावरून आमच्या मते तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, या पट्ट्यात दुरून येणारा धूर ही नवी आपत्ती नाही. नवी आहे ती त्याच्या वाटेवर वसलेली दाट वस्ती, आणि त्या वस्तीच्या स्वतःच्या धुरावर पडणारी त्याची भर. दोन, त्याचे नियमन होऊ शकले नाही याचे कारण लोकांचा हट्ट एवढेच नसून कायद्याची १९१२ पासूनची दुभंगलेली दृष्टी हे आहे. तीन, राखलेली आग आणि सुटलेली आग यांत भेद केल्यावाचून कोणताही उपाय न्याय्य होणार नाही. राबाला पर्यायी खत व रोपांची निराळी पद्धती द्यावी लागेल; वणव्याला वेळेवर जाळरेषा व गावाचे सहकार्य लागेल. ज्या गावाची चराई एका आगीपायी बंद होऊ शकते, ते गाव आग विझवावयास मनापासून धावेल अशी अपेक्षा ठेवणे अवघड आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळावे असे सुचवावेसे वाटते. मावळ व खेड तालुक्यांतील वृद्ध शेतकऱ्यांकडून राब केव्हा, कोणत्या झाडांच्या टहाळाने, कोणत्या वाऱ्यात भाजत असत हे टिपून घेणे, वनखात्याची वणव्यांची जुनी नोंदपुस्तके तपासणे, आणि त्यांची सांगड वेधशाळेच्या दृश्यतेच्या नोंदींशी घालणे, हे काम एका प्रबंधाच्या आटोक्यातील आहे. वारा कोणता आहे हे पाहून राब पेटविणारा शेतकरी हवामानाचे काही ज्ञान बाळगून होता. ते ज्ञान त्याच्याबरोबर नाहीसे होण्यापूर्वी लिहून ठेवणे अगत्याचे आहे.