युबिक्विटिनचे जिवाणूंमधले नातलग

दौंड-शिरूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भीमा, घोड आणि उसाची काळी रानं येतात. त्याच मातीतल्या जिवाणूंमध्ये असणाऱ्या एका छोट्या प्रथिनाचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. त्याची सुरुवात एका चुकीपासून होते.

१९७५ साली अमेरिकेत गिडियन गोल्डस्टाइन यांच्या गटाने वासराच्या थायमस ग्रंथीतलं एक प्रथिन अभ्यासलं. ते वनस्पतींत, यीस्टमध्ये, अगदी जिवाणूंतही दिसलं, म्हणून 'सर्वत्र असणारं' या अर्थाने त्याचं नाव युबिक्विटिन पडलं. पुढे कळलं, की जिवाणूंत दिसलेलं युबिक्विटिन त्यांचं नव्हतंच. ते ज्या यीस्टच्या अर्कावर वाढवले होते, त्यातलं होतं. आपल्या पेशींत हे प्रथिन नको असलेल्या प्रथिनांना चिठ्ठीसारखं चिकटतं, आणि मग त्यांची मोडतोड होते. या शोधाला २००४ चं नोबेल मिळालं.

मग जिवाणूंत काहीच नाही का? आहे. २००१ मध्ये ई. कोलाय जिवाणूतल्या 'मो-ए-डी' प्रथिनाची रचना उलगडली. अमिनो आम्लांचा क्रम फारसा जुळत नाही, पण घडी युबिक्विटिनचीच, आणि शेपटीला तशीच दोन ग्लायसीन. काम मात्र गंधक वाहण्याचं. 'मो-ई-बी' हे प्रथिन एटीपी खर्चून ही शेपटी सक्रिय करतं, मग तिच्यावर गंधक बसतं. 'मो-ए-ई'च्या जोडीला दोन्ही टोकांना एकेक 'मो-ए-डी' जोडलं जातं, शेपटी आत खुपसून. या चौघांच्या जुळणीतून मॉलिब्डेनम धरणारा सहघटक तयार होतो.

याचा आपल्या उसाशी काय संबंध? युरियातल्या नत्राचं मातीत नायट्रेट होतं. मोकाट पाणी दिलं, वाफसा गेला, की हवेअभावी काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात. त्यांच्या नायट्रेट-विकराला हाच मॉलिब्डेनमचा सहघटक लागतो. शेवटी नत्र वायू होऊन उडून जातं, आणि खताचे पैसेही.

आपल्या पेशींतली चिठ्ठीची यंत्रणा अशाच जुन्या गंधकवाहू प्रथिनांतून घडली असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे नाव चुकून पडलं, पण नातं खरं निघालं. शेतकऱ्याचा धडा मात्र जुनाच: वाफसा सांभाळा.